भिंतीला पाणी

जीवराम आबांनी नव्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केली. आतून रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

"हिले भिंत म्हनायची का?"

"भिंतच आहे, आबा," चारुलता म्हणाली. "आत पत्र्याचे उभे चॅनेल आहेत आणि त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी जिप्समचे बोर्ड. विटेची केली असती तर स्लॅबवर भार आला असता. शिवाय पंधरा दिवस घरात वाळू-सिमेंट."

"मी कोठी नाही म्हनतो? तुमचं घर हाये. कागदाची करा, नाहीतर काचेची करा."

कुकरची शिटी झाली नव्हती, तरी चारुलता स्वयंपाकघरात गेली. आबांच्या ते लक्षात आलं, पण तोंडातून गेलेला शब्द काही परत घेता येत नाही.

भिंत त्यांच्यासाठीच होती. चारुलताच्या जळगावच्या फ्लॅटमध्ये हॉल चांगला लांबलचक होता. त्याचा खिडकीकडचा तुकडा वेगळा करून आबांची खोली करायची, असं लेकीने आणि जावयाने ठरवलं होतं. माघात आबा यावलकडच्या आपल्या घरी दोन दिवस तापाने पडून होते. ओट्यावर दुधाची पिशवी तशीच राहिलेली पाहून शेजारचा सुकदेव कुंपणावरून उडी मारून आत आला, तेव्हा कुठे लोकांना कळलं. बायको, बेबाबाई, जाऊन तीन वर्षं झाली होती. केळीचा मळा पुतण्याकडे दिलेला होता. घरात हाक मारावी असं कोणी नव्हतं. चारुलता दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन आली आणि म्हणाली, आता चला.

आबांनी बरीच ओढाताण केली आणि ती गाडी रिकामी परत पाठवली. शेवटी उन्हाळ्यात म्हणाले, पोळ्यापर्यंत येतो. चारुलता बरं म्हणाली. पोळ्याच्या पुढचं दोघांनीही बोलायचं टाळलं.

एसटी स्टँडवर सोडायला आलेल्या सुकदेवने मात्र सोडलं नाही. "जाय बापा जावयाच्या घरी," तो हसत म्हणाला होता. "पयले आठ दिवस तुले इचारीसन भाजी करतीन. मंग भाजी करीसन तुले इचारतीन." आबाही हसले होते. पण जळगाव येईपर्यंत ते वाक्य त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून आलं.

हितेंद्र, म्हणजे जावई, वरणगावला नोकरीला होता. सकाळी लवकर जायचा आणि संध्याकाळी यायचा. चारुलता माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत होती. दिवसभर आबा आणि कारागीर एवढेच घरात. कारागीर म्हणजे रुपचंद आणि त्याची बायको भिकुबाई. दोघं धुळ्याकडची. चॅनेल उभे करणं, बोर्ड स्क्रूने कसणं हे रुपचंदचं काम. बोर्डाबोर्डांमधल्या फटी भरून भिंत एकसंध करणं हे भिकुबाईचं. धुळ्यात एका दवाखान्याच्या इमारतीवर ती आधी घमेली वाहायला गेली होती. तिथे एका कारागिराच्या हातातलं पातं बघत बघत शिकली, आणि पुढे तिच्या हाताचं काम नवऱ्याच्या कामापेक्षा लोक जास्त मागायला लागले.

"आबा, थोडं सरका बरं. धूळ उडी," ती म्हणाली.

"तू धुळ्याची दिसते."

"धूळनं नाव काढं म्हनीसन का?"

"नाही. 'हाये'ले शे शे करत बोलते त्याहून."

"नि तुम्ही हाये हाये करतस," भिकुबाई म्हणाली. "दुखस का काही?"

आबांना हसू आलं. ते खुर्ची घेऊन जरा लांब बसले आणि तिचं काम पाहत राहिले. पाहण्यासारखं होतंच. बोर्डांच्या कडा थोड्या पातळ केलेल्या असतात, त्यामुळे दोन बोर्ड शेजारी आले की मध्ये उथळ पन्हळ पडते. त्या पन्हळीत ती भिजवलेला मसाला भरायची, त्यावर कागदाची लांब पट्टी लावायची आणि रुंद पात्याने वरून खाली एका दमात दाबत आणायची. पट्टीखाली हवेचा एक बुडबुडासुद्धा राहायला नको.

"याच्यावर अजून दोन हात," ती म्हणाली. "हाऊ चार बोटं, दुसरा इतभर, तिसरा हातभर. जितलं पातळ पसरावं तितलं दिसत नही."

"एवढं करीसन काहीच दिसत नाही? मंग तू काम केलं हे कोनाले समजीन?"

"कोनलेच समजनं नही पाहिजे. तेच तं काम शे."

पाच वाजता तिने पाती धुतली, बादली कोपऱ्यात ठेवली. जाताना म्हणाली, "आबा, आते याले कोनी हात लावू नका."

"नाही लावत," आबा म्हणाले.

आणि त्यांनी हात लावला नाही.

गावाकडच्या सवयीने आबांना पाचला जाग यायची. घर अजून झोपलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी ते उठले, चूळ भरली, आणि हॉलमध्ये आले तर खिडकीतून आलेल्या पहाटेच्या उजेडात नव्या भिंतीवरचे पांढरे पट्टे दिसले. मे महिना होता. दिवसा जळगावात चव्वेचाळीसच्या वर पारा जात होता. आबांनी जवळ जाऊन पाहिलं. पट्टे वरून वाळायला लागले होते, कडा फटफटीत पांढऱ्या झाल्या होत्या. ओल्या कामाला अशी ऊन-हवा लागली तर दोन दिवसांत चिरांची जाळी धरते, हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. आणि हे कारागीर नुसतं भरून निघून गेले. पाणी कोण मारणार?

हात लावू नका म्हणजे हात लावू नका. पाणी मारू नका असं कोणी म्हटलं नव्हतं. तसं कोणी म्हणेल हेही आबांच्या डोक्यात येण्यासारखं नव्हतं.

त्यांनी स्वतःचं घर बांधलं ते चारुलताच्या जन्माच्या वर्षी. एकवीस दिवस त्यांनी भिंतींना पाणी मारलं होतं, सकाळ-संध्याकाळ, विहिरीवरून आणून. बेबाबाईला सातवा महिना होता. तिला त्यांनी कळशी उचलू दिली नव्हती. ती पायरीवर बसायची आणि बोट दाखवायची. तिकडे कोरडं राह्यलं. खिडकीच्या वर मारा. त्या कोपऱ्याले कोन पाजीन? त्या घराला आजतागायत केसाएवढी चीर नाही. आबा त्याचं श्रेय कधी गवंड्याला देत, कधी विहिरीच्या पाण्याला. मनातून त्यांना वाटायचं की ते त्या बोटाचं आहे.

त्यांनी न्हाणीतून पाण्याचा मग भरून आणला. बोटं बुडवून, पंजाने, हलकेच शिंतोडे मारत ते पट्ट्यापट्ट्याने गेले. जोराने नाही, मसाला वाहून जाईल. उजवा खांदा दुखायचा, त्यामुळे डोक्याच्या वर हात फारसा जात नव्हता. जिथपर्यंत जमलं तिथपर्यंत मारलं. कुठे कोरडं राहिलं का ते मागे सरून पाहिलं, आणि दोन ठिकाणी पुन्हा मारलं. मग जुन्या पंच्याने फरशी कोरडी केली आणि पंचा गॅलरीत वाळत घातला.

चारुलता उठली तेव्हा ते खुर्चीत बसून होते. "आबा, आज चेहरा टवटवीत दिसतोय," ती चहा ठेवताना म्हणाली. खरंच त्यांना बरं वाटत होतं. या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी काहीतरी कामाचं केलं होतं, तेही कोणी सांगितल्याशिवाय. सांगून दाखवावं असं त्यात काही नव्हतं.

नऊ वाजता भिकुबाईने पट्टीवर बोट ठेवलं आणि भुवया आक्रसल्या. "वल्लं शे अजून."

रुपचंदने कूलरकडे पाहिलं. "हा रात्रभर चालतो ना? ओली हवा फेकतो. आबा, ताईंना सांगा, दोन दिवस बंद ठेवा."

आबांनी मान डोलावली. मनात म्हणाले, घाई सगळ्याच कारागिरांना असते. त्यांच्या घराचा गवंडीसुद्धा तिसऱ्या दिवशी आधाराच्या फळ्या काढायला निघाला होता. ओलं असलं की यांना पुढचा हात मारता येत नाही, म्हणून यांची कुरकुर. भिंतीचं भलं कशात आहे ते भिंतीजवळ राहणाऱ्याने पाहायचं.

दुपारी भिकुबाईने कसाबसा दुसरा हात मारला. कूलर बंद झाला. चारुलता आणि हितेंद्र चटया घेऊन गच्चीवर झोपायला गेले. आबा खालीच राहिले. घामाने गंजी पाठीला चिकटली होती, पण पहाटे उठून त्यांनी पुन्हा पाणी मारलं. कूलर बंद होता, हवा कोरडी होती, म्हणून थोडं जास्तच.

तिसऱ्या दिवशी दार उघडल्यावर भिकुबाई उंबऱ्यातच थांबली.

कागदाच्या पट्ट्या जागोजागी सुटून फुगल्या होत्या. खालच्या बाजूला दोन बोर्डांचा वरचा कागद पाण्यात पडलेल्या वहीसारखा लिबलिबीत झाला होता. तिने पात्याचं टोक लावलं तर मसाला लगद्यासारखा निघून आला. रुपचंदने वर पाहिलं. या खोलीच्या बरोबर वर झुंबरलालशेठच्या फ्लॅटची बाथरूम होती.

"ताई, वरून गळतंय," तो चारुलताला म्हणाला. ती कामावर निघायच्या बेतात होती. "याला पाण्याचा थेंब चालत नाही. हे काय सिमेंट आहे का? ही पट्टी एकदा लावली की हिला फक्त सुकू द्यायचं. पाणी लागलं की मेली."

आबांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावलेला होता. तो त्यांनी तसाच खाली ठेवला.

चारुलता वर जाऊन आली, आणि तिच्या मागोमाग पानबाई खाली आल्या. पानबाई म्हणजे झुंबरलालशेठच्या आई. पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन राजस्थानातून जळगावात आल्या, आता मराठी कोणाही जळगावकरासारखी बोलायच्या. गुडघे गेलेले, तरी एका हाताने कठडा धरून एक मजला उतरल्या. दुसऱ्या हातात खाकऱ्यांचा डबा होता. तो त्यांनी आबांच्या पुढ्यात ठेवला आणि भिंतीकडे पाहिलं.

"माझ्या घरचं पाणी पाटीलभाऊंच्या खोलीत आलं असेल, तर काढा फरशा," त्या आबांकडे हात करत म्हणाल्या. "विचारायचं काय त्यात. उद्या सकाळी माणूस बोलवा."

"मावशी, तुम्हाला आठ दिवस त्रास होईल," चारुलता म्हणाली. "अंघोळीला कुठे जाल?"

"समोरच्यांकडे जाईन. चार पावलं जास्त."

आबांनी तोंड उघडलं होतं. पण सगळे भिंतीकडे पाहत होते. चारुलता घड्याळ बघून निघाली. पानबाई जिना चढायला लागल्या. प्रत्येक पायरीवर त्या थांबत होत्या. आबांना खुर्चीत बसून ते ऐकू येत होतं: चप्पल, मग काही नाही, मग पुन्हा चप्पल. एकोणीस वेळा.

सांगितलं तर काय होईल, हे त्यांना दिसत होतं. कोणी रागावणार नाही. तेच वाईट. जाऊ द्या आबा, तुम्हाला काय माहीत, असं म्हणतील. उद्यापासून गॅसचं बटण त्यांच्या मागून कोणीतरी तपासेल. नळ बंद केला का ते कोणीतरी बघेल. घरात एक माणूस असा, की ज्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. सुकदेवने भाजीबद्दल म्हटलं होतं. हे तर त्याच्याही पुढचं. आणि नाही सांगितलं तर पानबाईंच्या फरशा निघतील, खाली काही सापडणार नाही, आणि पुन्हा बसवतील. कोणालाही कळणार नाही.

रुपचंद सामान आणायला बाहेर गेला. भिकुबाई खाली बसून भिजलेल्या पट्ट्या कापून काढत होती.

"आबा," ती भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "पानी वरतून येतं ना, तं वरला जॉइंट पह्यले फुगता."

आबांनी वर पाहिलं.

"वरला दोन फूट कोल्ला ठणठणीत शे. मानूसनं डोकं जठे येस, तठून खाले वल्लं शे." तिने एक लांब पट्टी ओढून काढली आणि घमेल्यात टाकली. "मना मालकनं ध्यानमा नही उनं. मी काही सांगं नही त्याले."

तिने मागे वळून पाहिलं नाही. आबांना तिचे ते उपकार वाटले. त्यांनी टोपी नीट केली, उठले, आणि दार ओढून जिन्याकडे गेले.

पानबाईंनीच दार उघडलं. आबा आत गेले नाहीत.

"फरशा काढू नका," ते म्हणाले. "तुमच्या इकडून नाही आलं पानी. मी मारलं."

"काय मारलं?"

"पानी. भिंतीले. नवं काम होतं म्हनून. दोन सकाळी."

पानबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकेक करून हलल्या.

"किती दिवस मारणार होतात?"

"एकवीस."

"म्हणजे अजून एकोणीस राहिले," पानबाई म्हणाल्या. "आमच्या गच्चीवर कुंड्या आहेत, पाटीलभाऊ. तिकडे मारा." आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आबांना वाटलं होतं की लाजेने पाय जड होतील, पण उतरताना जिना चढतानापेक्षा सोपा गेला.

लेकीला सांगणं सोपं नव्हतं. चारुलता साडेपाचला आली, पर्स टेबलावर ठेवली, आणि पाहिलं तर आबा खुर्चीपुढे उभे होते. लेक आली म्हणून बाप उभा राहतो, असं त्या घरात कधी झालं नव्हतं.

"भिंतीले पानी मी मारलं," ते म्हणाले. "वरच्या मावशीले सांगून आलो. तुह्या कारागिराइलेबी सांगलं. नुस्कान झालं. मी उद्या सकाळच्या गाडीनं जातो गावाले. खोली होऊ दे तुमची नीट, मंग पाहू."

चारुलताने भिंतीजवळ जाऊन कापलेल्या फटीत बोट घातलं, आणि ते बोट बघत तशीच उभी राहिली.

"मी रोज मातीतलं पाणी मोजते," ती म्हणाली. "ओली असताना वजन करते, भट्टीत वाळवते, परत वजन करते. अन् घरातल्या भिंतीत पाणी कुठून आलं ते मला कळलं नाही."

"तुले कसं कळीन? मी पुसून घ्यायचो."

"पुसूनही घेतलंत?"

"पंच्यानं."

ती आबांच्या खुर्चीच्या हातावर टेकली. आबाही बसले.

"आबा, सिमेंट कडक होतं ते पाण्यामुळे. त्याला बरेच दिवस पाणी लागतं. तुमचं बरोबर आहे. पण हा मसाला कालवताना जेवढं पाणी घेतो तेवढंच. नंतर त्याला नको असतं." तिने बोटाला लागलेला मसाला पुसला. "भिंत कशाची आहे ते मी तुम्हाला सांगितलं. ती काय खाते-पिते ते सांगायला पाहिजे होतं."

"तुहं काही चुकलं नाही. मी इचाराले पाहिजे होतं."

"का नाही विचारलं?"

"त्यात काय इचारायचं? भिंतीले पानी माराले कोनी इचारतं का?"

"गावात तुम्ही कोणाच्या भिंतीला पाणी मारता? सुकदेवकाकांनी मागच्या वर्षी मागची खोली बांधली. तिला मारलंत?"

"त्याच्या भिंतीले मी कसाले मारीन?" आबा जरा वैतागूनच म्हणाले. "तो हाये ना. दुसऱ्याच्या भिंतीले कोन पानी मारतं?"

आणि मग त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली.

चारुलताने उठून पर्स जागेवर टांगली आणि चहा ठेवायला आत गेली. थोड्या वेळाने तिथूनच तिने विचारलं, "उद्याच्या गाडीचं काय करायचं?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"उद्या तं भिकुबाईले माल लागीन," ते म्हणाले. "दोन बोर्ड बदलायचे हायेत. कोनीतरी घरी पाहिजे."

संध्याकाळी हितेंद्र आला. चारुलताने त्याला दारातच सगळं सांगितलं असावं, कारण बूट काढता काढता त्याने आबांकडे पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "आबा, मग आता कूलर लावू का?"

दोन बोर्ड बदलले. बाकीच्या फटी दोन दिवस उन्हाच्या वाऱ्याला उघड्या ठेवून खडखडीत वाळू दिल्या. मग भिकुबाईने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मसाला, पट्टी, चार बोटं. दुसऱ्या दिवशी वीतभर. तिसऱ्या दिवशी हातभर. पहाटे आबांना जाग यायची तेव्हा ते भिंतीसमोर उभे राहायचे, हात पाठीमागे बांधून, आणि मग गच्चीवर जायचे. पानबाईंनी कुंड्यांचं काही थट्टेत म्हटलं नव्हतं. तिथे अकरा कुंड्या होत्या, आणि गच्चीवर चढणं पानबाईंच्या गुडघ्यांना आता जमत नव्हतं.

शेवटी घासायचा दिवस आला. भर दुपारी भिकुबाईने खिडकीला जाड चादर लावून खोली अंधारी केली आणि एलईडीचा दिवा आबांच्या हातात दिला.

"भिंतले चिटकाडीसन धरा. समोरतून नही. बाजूतून."

उजेड भिंतीवरून तिरका सरकला आणि आबा चकित झाले. समोरून काचेसारखी दिसणारी भिंत तिरक्या उजेडात नांगरलेल्या वावरासारखी झाली. इथे उंचवटा, तिथे पात्याची रेघ, तिथे खड्डा. प्रत्येकाची सावली पडत होती.

"हे तं काहीच सपाट नाही."

"म्हनीसन तं बाजूतून पाहनं पडस. रंग लाव्यावर दिसस ते आतेच पाही लेवो." भिकुबाई बारीक कागदाने गोल गोल घासत होती. तिच्या भुवयांवर पांढरी भुकटी बसली होती. मध्येच थांबून ती हाताने चाचपायची, पण तळहाताने नाही. हात उलटा करून, बोटांच्या मागच्या बाजूने.

"उलटा कसाले?"

"तळहातले घट्टे शेतस. त्याले काही समजत नही. पोरगाना ताप कसा पाहातस तुम्ही?"

आबांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. चारुलता लहानपणी तापाने फणफणली की बेबाबाई त्यांना मळ्यातून बोलावून घ्यायची, आणि आल्या आल्या ते हात उलटा करून तिच्या कपाळाला लावायचे. तळहात नेहमीच गरम असायचा, त्याच्यावर भरवसा नव्हता. त्यांनी दिवा डाव्या हातात घेतला आणि उजवा हात उलटा करून भिंतीवरून फिरवला. गार लागलं. मऊ. आणि मग एका जागी, अगदी पुसट, काहीतरी.

"इथी."

भिकुबाईने दिवा फिरवला. "हा. शे."

"इथीबी."

"इथं नही."

"हाये. पाह्य ना नीट."

तिने पाहिलं. मग त्यांचं बोट धरून पाहिलं. "हाऊ तुमना बोटना सांधा शे, आबा. याले घासता येनार नही."

चार वाजेपर्यंत आबांनी पाच जागा दाखवल्या. त्यातल्या दोन खऱ्या निघाल्या. तिसरी अर्धी खरी आहे असं आबांचं म्हणणं होतं, आणि भिकुबाईने वाद न घालता तिथे दोन वेळा कागद फिरवला. मग तिने चादर काढली. खोलीत उजेड आला आणि भिंत पुन्हा समोरून तशीच दिसायला लागली, फक्त आता आबांना ती निराळी वाटत होती. कुठला बोर्ड कुठे संपतो हे त्यांना ठाऊक असूनही सापडत नव्हतं.

"उद्या प्रायमर," भिकुबाई पाती धुताना म्हणाली. "मंग आम्हनं काम सरनं."

"थांब," आबा म्हणाले. "या भिंतीत खिळा बसतो का?"

"कोठेबी नही बसाव. बोर्डमा ठोका तं भगदाड पडी. मांगे चॅनेल शे तठेच स्क्रू धरस."

"अन् चॅनेल कोठी हाये?"

भिकुबाईने स्क्रूंच्या डोक्यांवर भरलेल्या मसाल्याचे ठिपके दाखवले. जवळून पाहिलं की उभ्या रांगेत अजून ओळखू येत होते. "हाई एक लाइन. हाई दुसरी. उद्या प्रायमर मारा का बठ्ठं झाकाई जाई."

"पेन्सिल हाये का?"

तिने कानावरची पेन्सिल काढून दिली. आबा पहिल्या रांगेसमोर उभे राहिले. उजवा हात वर नेला, खांदा दुखायला लागला तिथे थांबले, मग बोटभर खाली घेतला. त्या उंचीवर त्यांनी बारीक फुली केली. दोन पावलं सरकून दुसऱ्या रांगेवर, त्याच उंचीला, आणखी एक.

चारुलता नुकतीच कामावरून आली होती. चहाचे कप घेऊन ती दारात उभी राहिली. भिंतीवरची पेन्सिल तिला दिसली.

"काय टांगायचंय, आबा?"

"टोपी."

"आणि दुसरी फुली?"

"सदरा."

ती कप घेऊन आत आली. एक भिकुबाईला दिला. आबा अजून भिंतीसमोरच होते, पेन्सिल हातात, तिसऱ्या रांगेकडे बघत.

"थंडीत मले मफलर लागतो," ते म्हणाले, आणि तिसरी फुली केली.